एका टॅक्सीवाल्याचं मत

आमच्या भाऊजींना स्वस्थ बसता येत नाही, ही त्यांच्याबद्दल सांगायची पहिली गोष्ट आणि, माझ्या ताईला विचाराल तर, शेवटचीही. जेवताना त्यांचा डावा गुडघा हलतो, झोपेत पायाची बोटं हलतात आणि जागेपणी जीभ. असल्या माणसाबरोबर ताईनं इतकी वर्षं संसार केला तो केवळ भाऊजींकडे टॅक्सी होती म्हणून. दिवसभर ते बाहेर असतात आणि बाहेरचे लोक त्यांचं ऐकून घेतात.

मी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवतो. दुकान टॅक्सी स्टँडच्या तोंडाशीच आहे. एक मशीन, रेक्झिनचे गठ्ठे, फोमचे तुकडे आणि बाहेर एक बाक. या बाकावर सगळा स्टँड बसतो. भाऊजी त्याच्याभोवती फेऱ्या मारतात. त्यामुळे या प्रकरणातलं बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. जे माझ्यासमोर घडलं नाही ते भाचीनं सांगितलं, आणि ती खोटं बोलत नाही. सगळं दुखणं तिथंच झालं.

आमच्या शहरात सात देशांच्या संघाचं मुख्यालय आहे. काचेची मोठी इमारत, पुढ्यात सात झेंडे. सगळे खांब एका उंचीचे, कारण एकदा एक खांब वीतभर उंच बसवला गेला तर त्यापायी अख्खी बैठक मोडली होती. गावातल्या माणसाला या संघाचं काही सोयरसुतक नाही. कुठला रस्ता कधी बंद असणार एवढंच आम्ही विचारतो. पण वर्षातून एकदा सातही देशांचे प्रमुख इथं जमतात, आणि त्यांच्या मागोमाग परदेशी पत्रकारांचं लटांबर येतं.

या पत्रकारांची एक रीत आहे, ती भाऊजींच्या इतकी कुणाला ठाऊक नसेल. हे लोक सकाळी विमानातून उतरतात, डोळ्यांत झोप असते आणि संध्याकाळपर्यंत पहिली बातमी धाडायची असते. मुख्यालयातले अधिकारी मूग गिळून बसतात. बातमीत सामान्य माणूस तर पाहिजे. मग विमानतळ ते हॉटेल या रस्त्यावर जो सापडेल तो सामान्य माणूस. तो म्हणजे आमचे भाऊजी.

पहिल्या वर्षी एकानं मागच्या सीटवरून विचारलं की इथल्या लोकांना संघाबद्दल काय वाटतं. भाऊजींनी खरं ते सांगितलं, काही वाटत नाही म्हणून. त्यानं पेन खिशात घातलं आणि खिडकीबाहेर बघत बसला. भाऊजींना ते फार लागलं. दुसऱ्यानं शिव्या दिल्या तर चालतं त्यांना, ऐकणं थांबवलेलं चालत नाही. पुढच्या पाहुण्याला त्यांनी निराळं सांगितलं: “आमचा संघ म्हणजे एका स्वयंपाकघरातल्या सात जावा. पातेल्यात मीठ सातही जणी घालतात. पातेलं घासायची वेळ आली की कुणाचं डोकं दुखतं, कुणाचं पोर रडतं.”

तो पाहुणा हॉटेल येईपर्यंत हसत होता. उतरताना त्यानं ते दोनदा म्हणवून घेतलं.

तेव्हापासून भाऊजींची जीभ सुटली. बॅग मांडीवर घेऊन बसणारा पत्रकार उदास असतो, शेजारी टाकणारा आनंदी, असा त्यांचा हिशोब होता. उदास माणसाला ते सांगत की या घरात सासूच नाही, मग कोण कुणाचं ऐकणार. आनंदी माणसाला सांगत की भांडल्या तरी वेगळी चूल कुणी मांडलेली नाही, हे विसरू नका. स्वतःचं मत काय, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, मत पाहुण्याचं असतं, आपण फक्त पोचवायचं. स्टँडवर त्यांना सगळे ‘राजदूत’ म्हणत. जावांचा विनोद तिथं प्रत्येकाला पाठ होता. घरी मात्र त्यांनी तो कधी काढला नाही, कारण ताईला दोन जावा आहेत आणि ते न घासलेलं पातेलं मुळात त्याच घरातलं आहे.

आता भाचीविषयी. ही त्यांची एकुलती एक मुलगी. बापाला मोडकीतोडकी परदेशी भाषा येते. तिनं तीन भाषा नीट शिकून घेतल्या आणि संघाच्या प्रसिद्धी विभागात चिकटली. चिकटली म्हणायचं, पण नोकरी कंत्राटी. दर वर्षी कंत्राट संपायचं, दर वर्षी घरातल्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळायचं, मग एकदाचं पुढे चालू व्हायचं. ‘कायम’ हा शब्द त्या घरात देवाच्या नावासारखा हळू आवाजात उच्चारला जाई.

तिचं काम असं, की परदेशातल्या वर्तमानपत्रांत संघाबद्दल काय छापून आलंय ते रोज पहाटे वाचायचं आणि साहेबलोक यायच्या आत त्याचा गोषवारा करून ठेवायचा. चांगलं वर, वाईट खाली, ही तिथली शिस्त. वर्षानुवर्षं तिचं सगळं पान खालच्या बाजूलाच भरायचं. जेवताना ती गमती सांगायची. एका देशात आपल्याला चहापानाचं मंडळ समजतात, दुसऱ्या देशात वाटतं की आपण लपूनछपून सैन्य उभारतोय, आणि तिसऱ्यानं तर आपली बातमी छापून वर भलत्याच संघाचा झेंडा लावला. त्यात एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी, ती म्हणायची: प्रत्येकाला इथं एक टॅक्सीवाला भेटतो. कुणाच्या लेखात तो सुरकुतलेला म्हातारा असतो, कुणाच्या लेखात तत्त्वज्ञ, एकानं तर त्याला निवृत्त सैनिक केला. तिची पक्की खात्री होती की हे टॅक्सीवाले म्हणजे पत्रकारांनी घरबसल्या बनवलेले. भाऊजी त्या वेळी पाणी मागायचे आणि प्यायचे नाहीत, असं ताईनं मला नंतर सांगितलं.

विनोद विनोदाच्या जागी राहिला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण संघाची एका बड्या परदेशी सरकारशी व्यापाराची बोलणी सुरू झाली. मोठा करार होता, सातही देश त्याच्याकडे डोळे लावून बसलेले. त्या सरकारचा मंत्री पहिल्याच भाषणात म्हणाला, तुमच्याच शहरात तुम्हाला सात जावा म्हणतात असं मी वाचलंय, तर आज पातेलं कोण घासणार ते आधी ठरवून घेऊ. सभागृह हसलं. आपले सात जण हसले नाहीत. नंतर आपल्या सातांत आतल्या आत जुंपली, की पातेलं न घासणारी जाऊ म्हणजे नेमका कुठला देश. बोलणी पुढच्या महिन्यावर गेली.

मग वरून हुकूम सुटला. हा विनोद कुठून उगवला ते शोधा. काम आलं भाचीकडे, कारण सगळी जुनी कात्रणं तिच्याच हाताखालची. विभागप्रमुख बाई तिच्यावर तशा माया करणाऱ्या. त्यांनी सांगितलं की वार्षिक बैठकीपर्यंत एवढं नीट पार पाड, मग तुझं नाव कायमसाठी मीच पुढे करते. भाचीनं हे घरी आनंदानं सांगितलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ते हे असं.

दुसऱ्या दिवशी भाऊजी माझ्या दुकानात आले आणि बाकाभोवती फिरायला लागले. मी एका जीपची सीट उलटी टाकून टाचत होतो. त्यांच्या सावलीनं माझा टाका चुकायला लागला तेव्हा मी ओरडलो, काय ते बोला नाहीतर बसा. त्यांनी सगळं सांगितलं. मी म्हटलं, सोपं आहे, घरी जा आणि पोरीला सांगा की तो मीच. त्यावर ते फिरता फिरता थांबले.

“तिला सांगितलं की ती वर सांगणार, मेव्हणे. ती लपवणार नाही. आणि ज्या दिवशी वर सांगेल त्या दिवशी तिचं कायम गेलं.”

“मग गप्प तरी राहा,” मी म्हटलं. “यापुढे संघ हा शब्द तोंडातून काढू नका.”

ते त्यांना पटल्यासारखं दिसलं. पण गप्प राहणं हा इलाज त्यांच्या प्रकृतीला मानवणारा नव्हता. त्यांनी आपल्या मनाशी ठरवलं की ज्या तोंडानं घाण केली त्याच तोंडानं धुऊन काढायची. या वर्षी जो कुणी मागे बसेल त्याच्यापुढे संघाची इतकी स्तुती करायची की जावा पार विसरल्या जातील. हे त्यांनी मला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी त्यांच्या गाडीची हवा काढली असती.

वार्षिक बैठक आली, पत्रकार उतरले, आणि भाऊजींनी सुरुवात केली. आता स्तुती ही गोष्ट त्यांनी जन्मात कधी केलेली नाही. ताईच्या स्वयंपाकाचीसुद्धा नाही. शब्द आणणार कुठून? त्यांनी ते विमानतळाच्या रस्त्यावरच्या फलकांवरून उचलले. आमचं भवितव्य सामायिक आहे. सात देश, एक दिशा. एकजूट हेच आमचं बळ. मागच्या सीटवरचा माणूस पेन काढायचा आणि तसाच धरून बसायचा. एका पत्रकार बाईंनी तर तीन वेगवेगळ्या वाटांनी खोदून पाहिलं. काही तक्रार? नाही. काही गमतीचं? काही नाही. लोक आपापसांत काय बोलतात? सगळं चांगलंच बोलतात. पोरीचं ‘कायम’ डोळ्यांपुढे नाचत असल्यामुळे भाऊजी सारखे आरशात बघत होते, आपलं बोलणं बाईंना पटतंय की नाही ते पाहायला. हॉटेल आलं तेव्हा बाईंनी फार हळुवारपणे त्यांचे आभार मानले, आणि भाऊजींना वाटलं की आपण जिंकलो.

दोन-तीन दिवसांत त्या बाईंचा लेख आला. संघाच्या शहरात टॅक्सीवालेसुद्धा पढवलेलं बोलतात, असा त्याचा मथळा होता. खाली लिहिलं होतं की चालक फलकांवरची वाक्यं जशीच्या तशी म्हणत होता, पुन्हा पुन्हा आरशात पाहत होता, आणि भीतीनं त्याचा गुडघा सबंध वाटेत थरथरत होता. तो गुडघा लग्नाच्या फोटोतसुद्धा हललेला आहे. पण परदेशात ते कुणाला माहीत? लेख एकानं उचलला, मग दुसऱ्यानं, आणि आठवड्याभरात आमच्या शहरात भीतीचं वातावरण असल्याचं सगळ्या जगाला कळलं. आम्हालाच तेवढं कळायचं राहिलं होतं.

मुख्यालयात आग लागल्यासारखं झालं. जावांच्या विनोदानं नुसती चेष्टा झाली होती. या लेखानं अब्रू गेली. परदेशी सरकारनं पत्र पाठवून विचारलं की तुमच्याकडे नागरिकांना मोकळं बोलता येतं ना. सातही देश एकमेकांना विचारू लागले, टॅक्सीवाल्यांना पढवण्याची अक्कल कुणाची? आणि पढवणं हे काम कुणाचं असणार, तर प्रसिद्धी विभागाचं. चौकशी लागली. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, हे भाऊजी त्या दिवसांत इतक्या वेळा म्हणाले की स्टँडवरचे लोक त्यांच्या आधीच म्हणायला लागले.

भाची एका दुपारी दुकानात आली ती घामाघूम होऊन. कधी त्या वेळी येत नाही. तिच्या हातात त्याच लेखाचा कागद होता. बाकावर बसली, पुन्हा उठली, अगदी बापासारखी, आणि लेखातलं एक वाक्य तिनं मला आमच्या भाषेत वाचून दाखवलं. गाडीच्या जुनाट हिरव्या सीटना पिवळी किनार होती आणि चालकाच्या पाठीमागे चष्मा ठेवायला एक चिमुकला खिसा शिवलेला होता.

“मामा, असला खिसा तू किती गाड्यांना शिवलास?”

मी मशीनच्या पायट्यावर पाय ठेवला आणि उचलला. ते हिरवं रेक्झिन एका बसच्या कामातून उरलेलं, किनार दुसऱ्या कुठल्यातरी कामातली. खिसा भाऊजींनी हट्टानं करून घेतला होता, पाहुण्यांचे चष्मे गाडीत राहतात म्हणून. दुनियेत तशी दुसरी गाडी नाही. मी उगाच कात्री शोधायला लागलो, आणि तेवढं तिला पुरलं. रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. फक्त विचारलं की जावांचं पण बाबांचंच का. मी मान हलवली. तिनं कागदाची घडी घातली, ती नीट बसेना म्हणून उलगडून पुन्हा घातली, आणि निघून गेली. मला स्वतःचाच राग आला, का ते धड कळेना, आणि तो राग मी त्या दिवशी एका बिचाऱ्या गिऱ्हाइकावर काढला.

संध्याकाळी भाऊजींना मी सांगितलं की तिला कळलंय. ते स्टँडच्या कडेकडेनं चालत गेले, परत आले, पुन्हा गेले. घरी दोघांपैकी कुणीच विषय काढला नाही. ताईला वाटलं दोघांना पित्त झालंय. सकाळी बघतो तर भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून दुकानासमोर उभे. म्हणाले, मुख्यालयात जातो आणि सांगतो की सगळं माझं एकट्याचं. मला कुणी पढवलं नाही, माझ्या पोरीला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी दुकान तसंच उघडं टाकलं आणि त्यांच्या गाडीत बसलो. एवढ्या साहेबांसमोर हा माणूस तोंड उघडणार, तर त्याला मध्येच थांबवायला कुणीतरी हवं, असं मला वाटलं.

थांबवायची वेळच आली नाही. दारावरच्या शिपायानं पास मागितला. भाऊजींनी त्या दारात आजवर किती माणसं आणून सोडली असतील त्याला गणती नाही, पण आत जायचा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नव्हता. ते शिपायाला म्हणाले, ज्याला तुम्ही शोधताय तो मी आहे. शिपाई म्हणाला, आम्ही कुणाला शोधत नाही, गाडी पुढे घ्या. मग आम्ही पलीकडच्या कडेला थांबलो. भाऊजी खाली उतरत, काचेच्या इमारतीकडे बघत, आत येऊन बसत, आणि पुन्हा उतरत. दरवाजाच्या त्या उघडमिटीनं माझं डोकं उठलं. मी त्यांना एकदा जोरात झापलं, तर ते एवढंच म्हणाले की तिचं चांगलं व्हावं म्हणूनच केलं रे. ते खरं होतं, आणि म्हणूनच मला त्यांच्यावर धड चिडताही येईना.

जेवणाची वेळ टळून गेली तेव्हा भाची बाहेर आली. खांद्याला पिशवी, हातात टेबलावरचा दिवा आणि शब्दकोश. तो दिवा तिनं घरून नेला होता. तो परत येतोय म्हटल्यावर आम्ही काय समजायचं ते समजलो. ती रस्ता ओलांडून आली आणि बापाशेजारी पुढच्या सीटवर बसली.

भाऊजींनी विचारलं, काढलं का. ती म्हणाली, कंत्राट पुढे चालू करणार नाहीत. सकाळी जाऊन तिनं विभागप्रमुख बाईंना सगळं सांगितलं होतं. बाईंनी दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, मी हे ऐकलंच नाही. चालक सापडला नाही, त्याचा कार्यालयाशी काही संबंध नाही, असं चार ओळींत लिहून दे, म्हणजे चौकशी मिटेल आणि तुझं कायमचं मी बघते. बाई वाईट नाहीत, भाची म्हणाली, त्यांनी खरंच माझ्यासाठी केलं असतं.

भाऊजींचा चेहरा असा झाला की मला तिकडे बघवेना. “मग द्यायचं ना लिहून,” ते म्हणाले. “मी कोण आहे हे कुणाला कळणार होतं? टॅक्सीवाल्याचं नाव कोण विचारतं?”

“लिहिलं होतं बाबा,” ती म्हणाली. “चालक अज्ञात आहे, असं लिहिलं. मग खाली सही करायची होती, पूर्ण नावानं. मधलं नाव तुमचं. वर अज्ञात लिहून खाली तुमचं नाव कसं लिहू?”

भाऊजींनी गाडी चालू केली. घरापर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत, आणि त्यांना गप्प करणं लग्न झाल्यापासून ताईला एकदाही जमलं नव्हतं.